काकवीतली चेन

जीपच्या टपावरून सायकल खाली उतरवली तेव्हा कासुर्डीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना वाटलं, म्हाळसाताईनं भंगाराचा धंदा सुरू केला. हँडलला कांद्याच्या गोणीची सुतळी गुंडाळलेली, सीट फाटलेली आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंत सगळं विटकरी. चेन तर अशी ताठ झाली होती की ड्रायव्हरनं सायकल उचलली तरी ती हलली नाही. कुणीतरी वाळक्या करडईचा दांडा खोचून ठेवावा तशी लटकत राहिली.

मी शाळा सुटल्यावर यवतला जायच्या गाडीसाठी थांबले होते. तिनं लांबूनच मला हाक मारली.

"बाई! गिअरची हाय!"

एवढंच. गंजलेली आहे, मोडकी आहे, यातलं काही नाही. गिअरची आहे.

म्हाळसा खताळ तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. तिच्या माहेरची माणसं मेंढ्या घेऊन फिरायची. नऊ वर्षांची होईतो ती स्वतः दर साल दिवाळीनंतर कोकणात आणि उन्हाळा सरताना परत, अशी चालत गेलेली. मग वडिलांनी मेंढरं विकली, जमिनीचा तुकडा घेतला आणि चालणं थांबलं. लग्न होऊन कासुर्डीला आली. नवरा हनुमंत टेम्पो चालवतो, एक मुलगी मोनिका पुण्यात नर्सिंग शिकते. म्हाळसा सोपानराव थोरातांच्या गुऱ्हाळावर कामाला. तिथं बाकीच्या बाया उसाची मोळी वाहणं, चिपाड वाळत घालणं असली कामं करायच्या. हिच्याकडं मात्र ऊस पिळायच्या चरकाची देखभाल होती. तीन वर्षांपूर्वी चरकाचा ऑपरेटर ऐन हंगामात सोडून गेला. सोपानरावांनी नवा माणूस शोधेपर्यंत हिनंच दोन दिवस चरक चालवला, त्याची मोठी चेन सैल झाली तर ताणली, दात्यांना ऑइल घातलं. तिसऱ्या दिवशी नवा माणूस आला, त्याला सोपानराव म्हणाले, "तू कढईवर जा. चरक म्हाळसाच बघंल."

चेन आणि दाते यांचं तिला पहिल्यापासून वेड. पण चरकाची चेन एकाच चक्रावर फिरते. गिअरच्या सायकलीचं तसं नाही, हे तिनं हायवेच्या कडेला पाहिलं होतं. रविवारी सकाळी पुण्याकडून सायकलवाले यायचे, फाट्यावरच्या हॉटेलात चहा प्यायचे. म्हाळसा गुऱ्हाळावर जाताना तिथं थांबायची आणि माणसांकडं न बघता त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत राहायची. एकदा एका मुलीनं सायकल उचलून धरली, पायडल फिरवलं आणि खटक्यासरशी चेन या चक्रावरून त्या चक्रावर नेऊन दाखवली. दुसऱ्या दिवशी म्हाळसा शाळेत येऊन मला विचारत होती, "बाई, चालता चालता चेन उडी मारती, आन् पडत न्हाई. कशी?"

मी मराठी आणि इतिहास शिकवते. मला काय सांगता येणार.

तर अशी ती तळेगाव ढमढेऱ्याला धाकट्या बहिणीकडं गेली. बहिणीसाठी गुळाच्या दोन ढेपा नेल्या होत्या. आठवडी बाजाराचा दिवस, म्हणून आधी बाजारातून चक्कर मारली, तर भंगारवाल्याच्या ढिगाखाली ही सायकल. पुढं तीन चक्रं, मागं सात. तिनं गोण्या बाजूला सारून मोजली. भंगारवाला तिला लोखंडाच्या भावानं द्यायला तयार होता, पण म्हाळसाकडं जीपपुरतेच पैसे होते. मग दोन्ही ढेपा भंगारवाल्याकडं गेल्या आणि बहिणीकडं म्हाळसा रिकाम्या हातानं गेली, सायकल ढकलत. बहीण महिनाभर बोलली नाही.

*

यवतला आनंदराव म्हणून जुने सायकल मेकॅनिक आहेत. साठी ओलांडलेले, बारीक मिशीचे, दुकान शटरएवढंच रुंद. मी त्यांच्या समोरच्या गल्लीत राहते, म्हणून म्हाळसानं मला बरोबर घेतलं. हनुमंतानं सायकल टेम्पोत टाकून आणून दिली.

आनंदरावांनी सायकल उलटी केली. पायडल फिरवून बघितलं, फिरलं नाही. मागच्या चक्रांवर बोट घासलं, बोट लाल झालं. चेनची एक कडी पकडीनं वाकवून बघितली, तर कुर्र असा आवाज आला आणि ती तशीच वाकडी राहिली.

"ताई, ह्यात जीव न्हाई," ते म्हणाले. "चेन टाकून द्या. मागची सात चक्रं, म्हंजी फ्रीव्हील, तेबी टाकून द्या. आतलं कुत्रं गंजून बसलंय."

"कुत्रं?"

"फ्रीव्हीलच्या आत बारकी खिट्टी असती. तिला आमी कुत्रं म्हणतो. पुढं फिरवलं की ती दात्याला धरती, मागं फिरवलं की सोडती. टिकटिक वाजतं ते तेच. हितं वाजतंय का काही?"

काही वाजत नव्हतं.

"नवं आणायचं म्हणलं तर?"

"पुण्यातनं मागवावं लागंल. आन् एवढा खर्च करायचा तर मी म्हणतो चांगली साधी सायकल घ्या."

म्हाळसा उकिडवी बसून त्या सात चक्रांकडं बघत होती. "मामा, ह्ये नुसतं चाकातून काढून द्या. बाकी माझं मी बघते."

"काय बघताय?"

"गंज वरचा हाय का आतवर गेलाय, त्ये."

आनंदराव हसले, पण उठले. फ्रीव्हील काढायची त्यांची खास चावी होती. चाक व्हाइसच्या पकडीत धरून त्यांनी तीनदा जोर लावला, चौथ्यांदा हनुमंत आणि ते दोघे मिळून. कडाक्कन सुटलं. मग चेनची एक पिन ठोकून बाहेर काढली. म्हाळसानं चेन आणि फ्रीव्हील पदरात घेतलं. फिकट धुतलेल्या पातळाला लाल डाग पडले, तिचं लक्षच नव्हतं.

पहिले चार दिवस तिनं जे कुणीही केलं असतं ते केलं. हनुमंताकडून डिझेल घेतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, काचकागद मारला. वरचा लाल थर निघाला आणि खाली तपकिरी थर दिसला. चेन थोडी हलायला लागली, पण कडी कडीच्या मध्ये, जिथं ब्रश पोचतच नाही, तिथं गंज घट्ट होता. फ्रीव्हीलच्या चक्रांमध्ये बोटही जात नव्हतं. हाताची साल निघाली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, घासून न्हाई व्हायचं. हे जिथं मी जाऊ शकत न्हाई तिथं जाणारं काहीतरी पाहिजे."

आणि मग तिला पळी आठवली.

गुऱ्हाळाच्या मागं एक खड्डा आहे. कढई धुतलेलं पाणी, करपलेली, आंबलेली काकवी, असं सगळं त्यात जातं. मागच्या वर्षी रस ढवळायची एक जुनी लोखंडी पळी, गंजलेली म्हणून कुणीतरी त्यात भिरकावली होती. पंधरा-वीस दिवसांनी खड्डा उपसताना ती वर आली, तर राखाडी, स्वच्छ, जणू आत्ताच लोहारानं करून दिली. तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. म्हाळसानं दिलं होतं. फक्त तेव्हा तिच्याकडं गंजलेलं काही नव्हतं.

ती पळत शाळेत आली. मधली सुट्टी होती. "बाई, काकवी! काकवी गंज खाती!"

खरं सांगते, मला ती वेडी वाटली. लोखंडाला गोड लावलं तर ते आणखी गंजेल असं कुणालाही वाटेल. पण तिचा चेहरा असा होता की मी शिक्षकखोलीतलं पोळीभाजीचा डबा झाकला आणि ऐकत बसले.

*

सोपानरावांकडं ती बिघडलेल्या काकवीचा डबा मागायला गेली. "कशाला गं?" त्यांनी विचारलं.

"सायकलची चेन भिजवायची, आप्पा."

सोपानराव पंचायतीत, सोसायटीत उठबस असलेले गृहस्थ.  "चेन भिजवून काय गुलाबजाम करणार का?" म्हणाले, पण डबा दिला.

प्लास्टिकच्या निळ्या ड्रमात तिनं एक तांब्या काकवी आणि नऊ तांबे पाणी घातलं. हे प्रमाण कुठून काढलं विचारलं तर म्हणाली, "खड्ड्यातलं पाणी तेवढंच पातळ होतं." तरीही घाई केली नाही. आधी तपासणी. एक गंजलेला खिळा, एक मोडकं खुरपं आणि एक जुनं जर्मनचं झाकण. अॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. झाकण कशाला, असं मी विचारलं. "सायकलीत काही भाग पांढऱ्या धातूचे हायेत," ती म्हणाली. "त्यांला काय होतं ते आधी कळाय नको?"

तीन दिवसांनी खिळा अर्धा उजळला होता. खुरप्याचा गंज बोटानं निघत होता. आणि झाकण काळं पडलं होतं, त्याच्यावर बारीक बुडबुडे, कड खरखरीत.

"बघितलं?" म्हाळसा जवळजवळ ओरडली. "पांढरं आत जाणार न्हाई. नुसतं लोखंड!" म्हणून चेन हलवणारा मागचा जो हात असतो, गिअर बदलतो तो, तिनं ड्रमाबाहेरच ठेवला आणि डिझेलनं वेगळा साफ केला. त्याचं अंग जर्मनचं होतं.

मग चेन आणि फ्रीव्हील ड्रमात गेलं, वरून गोणपाट.

ते आठ दिवस गुऱ्हाळावर दुसरा विषय नव्हता. गूळ करणारे कारागीर उत्तर प्रदेशातले, त्यांचा मुख्य रामलखन रोज गोणपाट उचलून वास घ्यायचा. "दीदी, शरबत तैयार हुआ?" म्हणायचा. वास खरंच वाईट होता, आंबूस, गोड, डोक्यात जाणारा. पाण्यावर फेस आला. माश्या आल्या. पाचव्या दिवशी वरती पांढरी साय धरली आणि सोपानराव म्हणाले, "म्हाळसा, हे आता उकिरड्यावर ओत." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी हात घालायची, चेनला एक पीळ द्यायची आणि पुन्हा सोडून द्यायची. "काल पाच कड्या हलत हुत्या," मला येताजाता सांगायची, "आज अकरा."

आठव्या दिवशी, शनिवारी, अर्धी शाळा असते म्हणून मी सरळ गुऱ्हाळावर गेले. कढईत रस उकळत होता, वाफ छपराला लागत होती. म्हाळसानं ड्रमात कोपरापर्यंत हात घातला आणि चेन वर काढली.

चेन खाली ओघळली. दांड्यासारखी ताठ राहिली नाही, सापासारखी वळवळत तिच्या मनगटावरून घसरली. काळपट पाणी निथळत होतं. तिनं बादलीत एकदा बुचकळली, दुसऱ्यांदा बुचकळली आणि ते लोखंड दिसलं. राखाडी, मऊसर, कुठंही लाल नाही. प्रत्येक कडीवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं, ते आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. फ्रीव्हील काढलं. सात चक्रं, प्रत्येकाचे दाते मोकळे, मधल्या फटी मोकळ्या.

"अरे बाप रे!" रामलखन म्हणाला. त्यानं कढईवरचा माणूस बोलावला. सोपानराव आले, त्यांनी चष्मा पुसून लावला. म्हाळसा मात्र नुसती चेन या हातातून त्या हातात सोडत होती, त्या हातातून या हातात.

चेन गोणपाटावर ठेवून आम्ही सगळे गरम गूळ खायला बसलो. अर्धा तास गेला असेल. म्हाळसा परत वळली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला.

चेनवर नारिंगी झाक आली होती. हळदीचं बोट फिरवल्यासारखी, सगळीकडं.

मला रडूच आलं. आठ दिवस! सोपानराव म्हणाले, "गेलं. उघडं पडलं की धरणारच." म्हाळसानं चेन उचलली, अंगठ्यानं घासली. झाक अंगठ्यावर आली, खाली परत राखाडी.

"न्हाई गेलं," ती म्हणाली. "ह्यो नवा हाय. कोवळा. ओलं ठिवलं म्हणून आला. चूक माझी हाय, काकवीची न्हाई."

चेन आणि फ्रीव्हील परत ड्रमात. सोमवारी पुन्हा काढलं, आणि या वेळी सगळी तयारी आधी मांडून ठेवली. एका बाजूला उकळतं पाणी. कढईखालच्या चुलवणाच्या तोंडापासून चार हात लांब, जिथं हाताला ऊब लागते पण भाजत नाही, तिथं पत्रा. त्याच्या शेजारी परातीत मशीनचं पातळ ऑइल. ड्रमातून काढलं, उकळत्या पाण्यात बुचकळलं, फडक्यानं पुसलं, पत्र्यावर उलटसुलट केलं, आणि कोरडं ठाक झालेलं लोखंड गरम असतानाच परातीत सोडलं. ऑइलमध्ये बारीक बुडबुडे आले. "आत चाललंय," ती कुजबुजली, जणू कुणी झोपलंय.

फ्रीव्हीलचं तसंच, पण आत पाणी राहायला नको म्हणून आधी डिझेलनं तीनदा खळखळून धुतलं. मग ऑइल. मग तिनं ते कानाशी धरलं आणि सात चक्रांचा तो गठ्ठा अंगठ्यानं मागं फिरवला.

काही नाही.

पुन्हा फिरवला.

टिक.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. तिनं आणखी ऑइल सोडलं, फिरवलं. टिक. टिक. टिक टिक. मग एकदम टिकटिकटिकटिक असं सलग, पावसाळ्यात रातकिडा वाजतो तसं. म्हाळसानं फ्रीव्हील माझ्या कानाला लावलं, मग रामलखनच्या, मग सोपानरावांच्या. आप्पांच्या कानाला ऑइल लागलं, ते हसत सुटले.

*

आनंदरावांनी फ्रीव्हील हातात घेऊन फिरवलं तेव्हा ते उठून दुकानाबाहेर उजेडात आले. दोन-तीन वेळा म्हाळसाकडं बघितलं.

"हे तेच हाय?"

"तुमीच काढून दिलं की मामा."

ते आत गेले, बसले आणि तिला समोरचं स्टूल दिलं. त्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं, स्टूल कुणाला मिळत नाही. "पर ऐका," ते म्हणाले. "गंज गेला म्हंजी लोखंड परत आलं असं न्हाई. जेवढं खाल्लं तेवढं गेलं. एखादी कडी आतून पोकळ असंल, चढावर जोर लावला की तुटंल. तोंडावर पडाल."

"मग तपासू."

मी शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातलं भिंग आणि फूटपट्टी आणली होती. आनंदरावांनी चेन ताणून पट्टीवर धरली. चोवीस कड्या बारा इंचांत बरोबर बसायला हव्यात, ताणलेली चेन पुढं जाते. ही केसभर पुढं गेली होती. "चालतंय," ते म्हणाले. मग दोघं भिंगाखालून एक एक कडी बघत बसले, दीड तास. खड्डे पडलेल्या चार कड्या निघाल्या. त्या काढल्या तर चेन आखूड होणार. आनंदराव उठले, खोक्यात हात घालून खडबड केली आणि त्याच मापाच्या चेनचा वीतभर तुकडा काढला. जोडून दिला. गिअरच्या केबल नव्या घातल्या. चेन लावल्यावर सायकल उलटी करून म्हाळसाला म्हणाले, "फिरवा तुमीच."

तिनं पायडल फिरवलं, खटका दाबला. चेन थरारली, कडेवर चढली आणि शेजारच्या चक्रावर जाऊन बसली. पुन्हा खटका. पुन्हा उडी. सातही चक्रांवरून वर आणि सातही चक्रांवरून खाली. म्हाळसा खाली वाकून अगदी जवळून बघत होती, तिच्या नाकाला ऑइलचा थेंब लागला.

"अस्सं व्हय!" ती म्हणाली. "हा बारका हात तिला बाजूला लोटतो. आन् दाता वर उचलून घेतो. पडंल कशी!"

मग म्हणाली, "भुलेश्वरला जाते."

*

भुलेश्वराचा डोंगर यवतच्या दक्षिणेला. वरच्या देवळाचा रस्ता शेवटी असा उभा होतो की मोटारसायकलसुद्धा पहिल्या गिअरला रडते. हनुमंत म्हणाला, "अगं, आधी गावात चालव. वढ्यापर्यंत जा." म्हाळसा म्हणाली, "वढ्यापर्यंत जायाला गिअर कशाला पाहिजे?"

जानेवारीतला रविवार होता. तिनं मोनिकाचा सलवार-कमीज घातला, ओढणी कमरेला बांधली, उजव्या पायाला रबर लावलं म्हणजे सलवार चेनमध्ये जाणार नाही. सकाळी सात वाजता कासुर्डीहून निघाली. हनुमंत मोटारसायकलवर मागून, मी त्याच्या मागं. सायकल तिला येत होती, तीस वर्षांपूर्वी माहेरी मामाच्या सायकलवर शिकलेली. पहिली शंभर पावलं हँडल डगमगलं, मग सरळ झालं.

यवतपर्यंत ती गातच होती. शब्द नव्हते, नुसता सूर. आनंदरावांच्या दुकानापुढून जाताना घंटी वाजवली, ते दात घासत बाहेर आले आणि ब्रश हवेत हलवला. ज्वारीच्या शेतांमधून रस्ता चढायला लागला तशी तिनं पहिल्यांदा गिअर टाकला. पाय हलका झाला. तिनं मागं वळून बघितलं आणि ओरडली, "आवं! कुणीतरी मागून ढकलल्यावानी वाटतंय!"

"कुणी न्हाई," हनुमंत ओरडला. "पुढं बघ!"

पायथ्याशी तिनं आणखी एक गिअर टाकला, वळणावर आणखी. आता पाय भराभर फिरत होते आणि सायकल मात्र चालणाऱ्या माणसाइतकीच जात होती, पण जात होती. घाम हनुवटीवरून पडत होता. आणि तिथं, दुसऱ्या वळणाच्या पुढं, आवाज सुरू झाला. टक. थोडं थांबून, टक. पुन्हा थोडं थांबून, टक. प्रत्येक टकला पायडल जरासं निसटायचं.

मला आनंदरावांचं बोलणं आठवलं. हनुमंतानं हॉर्न दिला. "थांब! कडी तुटंल!"

ती उतरली. धापा टाकत होती, पण सायकल बाजूला झोपवली नाही. मला म्हणाली, "बाई, मागचं चाक उचलून धरा." मी उचललं. तिनं पायडल हळूहळू मागं फिरवलं आणि गिअरच्या हाताच्या बारक्या चाकावर नजर ठेवली. चेन वळसा घेऊन जात होती, जात होती, आणि एक कडी तिथून जाताना किंचित उडाली. टक. "ही बघा," ती म्हणाली. "ताठ हाय. आनंदरावांच्या तुकड्याचा जोड हाय त्यो. पिन जरा घट्ट बसलीय." तिनं कडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले आणि चेन आडवी, डाव्या-उजव्या बाजूला वाकवली, तारेची घडी सैल करावी तशी. चारदा, पाचदा. खिशातून इंजेक्शनची सिरिंज काढली, मोनिकानं दिलेली, त्यात ऑइल. एक थेंब. पुन्हा पायडल मागं फिरवलं. कडी गेली, काही झालं नाही. पुन्हा गेली.

"चला," म्हाळसा म्हणाली आणि चढावरच सायकलवर टांग टाकली.

शेवटचा चढ तिनं सगळ्यांत हलक्या गिअरवर घेतला, पुढं बारकं चक्र, मागं मोठं. हनुमंतानं मोटारसायकल पहिल्या गिअरवर आणली, मग तीही गुरगुरायला लागली तेव्हा मी उतरून चालत निघाले, म्हणजे म्हाळसाच्या शेजारून चालत. चेनचा आवाज मला ऐकू येत होता. सरसर, सरसर, एकसारखा. तिचे डोळे समोरच्या डांबरावर. देवळाकडून उतरणारी चार-पाच माणसं बाजूला झाली, त्यातल्या एका म्हातारीनं हात जोडले, कशाला ते कळलं नाही. म्हाळसाचे ओठ हलत होते. नंतर कळलं, ती दाते मोजत होती. मोठ्या चक्राला अठ्ठावीस दाते, एका फेरीला अठ्ठावीस.

वर पोचली तेव्हा तिला उतरताच येईना. हनुमंतानं सायकल धरली, मी तिला धरलं. खाली सगळा मुलूख पसरलेला, उसाचे हिरवे चौकोन, हायवे, लांब पाटसकडं साखर कारखान्याच्या धुराड्यातून वर जाणारा धूर. ती कशाकडंच बघेना. गुडघ्यांवर बसली, चेनवरून बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. बोट काळं होतं. लाल नव्हतं.

"आलो की वो आपुन!" ती हनुमंताला म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

पाणी पिऊन, दर्शन घेऊन, शेंगदाण्याची पुडी संपवून आम्ही निघालो तेव्हा हनुमंतानं सहज विचारलं, "ब्रेक बघितलंस का?"

म्हाळसानं ब्रेक दाबला. मागच्याचं रबर दगडासारखं वाळलेलं, पुढच्याचं अर्धं उडालेलं. महिनाभर चेन, चक्रं, कड्या, दाते. ब्रेककडं तिघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं, आनंदरावांनीसुद्धा. ज्या रस्त्यानं ती घामाघूम होऊन वर चढली, तोच सगळा उतार ती सायकल हातात धरून चालत उतरली. मी तिच्याबरोबर चालले, आणि आम्ही दोघी शेवटपर्यंत एवढ्या हसलो की पायथ्याच्या हॉटेलवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं.

*

याला आता दोन वर्षं झाली. म्हाळसा रोज सायकलनंच गुऱ्हाळावर जाते, ब्रेक नवे आहेत. गुऱ्हाळाच्या मागं आता एकाच्या जागी तीन ड्रम आहेत, आणि सोपानराव येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः तिथं नेऊन दाखवतात. गावातल्या गोठ्यांमधून, माळ्यांवरून मुलींच्या जुन्या सायकली निघाल्या. बाया चेन फडक्यात बांधून आणतात, कुणी कडबा कुट्टीचे दाते आणतात, कुणी विहिरीवरच्या पंपाचे नटबोल्ट. ज्यात जीव नाही ते ती स्पष्ट सांगते, "ह्ये खाऊन संपलंय, नवं घ्या." आनंदराव आता असली गिऱ्हाइकं सरळ तिच्याकडं पाठवतात आणि चेन परत आली की जोडायचं काम स्वतः करतात.

मागच्या महिन्यात मीही एक सायकल घेतली, जुनी, गिअरची, केडगावच्या एका ओळखीच्या घरातून. चेन अर्थातच लाल. गेल्या सोमवारी ती म्हाळसाकडं दिली. काल मधल्या सुट्टीत राहवलं नाही, गुऱ्हाळावर गेले आणि ड्रमावरचं गोणपाट उचलायला हात पुढं केला. कढईच्या पलीकडून आवाज आला.

"बाई! हात काढा. अजून चार दिस हायेत."